नागपुरातून गोल्फच्या टूर कार्डापर्यंत: पहिल्या टीपासून क्यू-स्कूलपर्यंतची वाट

‘सर, पोरगा लांब मारतो. त्याला प्रो करायचं आहे. काय करू?’ असा फोन मला महिन्यातून दोन-तीनदा येतो. कधी हिंगण्याहून, कधी कामठीहून, एकदा तर भंडाऱ्याहून आला होता. मी उलट एकच विचारतो: गेल्या वीस राउंडचे (एक राउंड म्हणजे १८ होलचा खेळ) स्कोअर कुठे लिहून ठेवलेत का? बहुतेक वेळा पलीकडे शांतता असते.

मी विचारतो त्याला कारण आहे. माझे वडील कामठीच्या छावणीत नोकरीला होते, म्हणून मला लहानपणापासून गोल्फ जवळून दिसला. एकविसाव्या वर्षी, ओळखीच्या मैदानावर दोन-चारदा पारच्या (मैदानासाठी ठरलेल्या फटक्यांच्या, म्हणजे स्ट्रोकच्या, आकड्याच्या) खाली खेळलो एवढ्या भांडवलावर मी क्यू-स्कूलचा, म्हणजे टूरवर खेळण्याचं कार्ड देणाऱ्या पात्रता स्पर्धेचा, अर्ज भरला. दोन दिवसांत नऊ स्ट्रोकनी बाहेर पडलो. दुसऱ्या खेपेलाही हुकलं. तिसऱ्या खेपेला कार्ड मिळालं, तीन हंगाम खेळलो, आणि आता मुलांना शिकवतो. पहिल्या दोन खेपांत जे पैसे आणि जी वर्षं गेली, ती तुमची जाऊ नयेत म्हणून हे लिहीत आहे.

१. ‘प्रो’ म्हणजे नेमकं काय, हे घरात सगळ्यांना सांगा

व्यावसायिक गोल्फचे दोन वेगळे रस्ते आहेत. एक टूरवर, म्हणजे वर्षभराच्या स्पर्धामालिकेत, खेळून बक्षिसाच्या रकमेवर जगण्याचा. दुसरा शिकवण्याचा. घरच्यांच्या डोक्यात हे दोन्ही एकत्र असतात, म्हणून पहिल्याच दिवशी वेगळे करून सांगा.

पुरुषांसाठी देशातली मुख्य टूर म्हणजे प्रोफेशनल गोल्फ टूर ऑफ इंडिया, म्हणजे पीजीटीआय. ती २००६ मध्ये उभी राहिली. तिच्या वरची पायरी आशियाई टूर, त्यानंतर युरोपात मूळ असलेली डीपी वर्ल्ड टूर आणि अमेरिकेची पीजीए टूर. पीजीटीआयच्या खालची पायरी म्हणून २०२४ पासून नेक्सजेन नावाची मालिकाही सुरू झाली आहे. मुलींसाठी विमेन्स गोल्फ असोसिएशन ऑफ इंडियाची टूर आहे, तिथल्या स्पर्धा साधारण तीन दिवसांच्या, ५४ होलच्या असतात आणि त्यात हौशी मुलीही खेळताना दिसतात. शिकवण्याच्या रस्त्यासाठी नॅशनल गोल्फ अकॅडमी ऑफ इंडियाचे प्रमाणपत्र अभ्यासक्रम आहेत. आणि या सगळ्याच्या आधीचं, म्हणजे हौशी खेळाचं घर म्हणजे इंडियन गोल्फ युनियन. ती १९५५ पासून आहे. तुमची सुरुवात तिथूनच होते.

‘हा श्रीमंतांचा खेळ आहे’ हे वाक्य तुम्हाला शंभरदा ऐकावं लागेल. खर्चाच्या बाबतीत ते बरंचसं खरं आहे, ते पुढे सांगतोच. पण १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकणारा पहिला भारतीय व्यावसायिक अली शेर हा मुळात कॅडी, म्हणजे खेळाडूंची बॅग उचलणारा, होता. एस. एस. पी. चौरसिया यांचे वडील कोलकात्याच्या रॉयल कॅलकटा गोल्फ क्लबात मैदानाची देखभाल करायचे. मुलगा तिथेच बघून बघून शिकला आणि २००८ मध्ये दिल्लीत युरोपियन टूरची इंडियन मास्टर्स जिंकला. पुण्याचे उदयन माने टोकियो ऑलिंपिकला गेले. ही उदाहरणं मी मुलांना सांगतो, आणि सोबत हेही सांगतो की या दोन्ही कॅडी-माळ्यांच्या घरच्या खेळाडूंना रोज गवतावर पाय ठेवायला मिळत होता. नागपूरच्या मुलाची अडचण नेमकी तिथेच सुरू होते.

२. मैदानाचा प्रश्न आधी सोडवा

नागपुरात गोल्फ म्हटलं की कामठीची छावणी आणि वायुसेनानगर हीच नावं पुढे येतात. दोन्ही सैन्यदलांचे परिसर. तिथे कोणी खेळायचं, बाहेरच्या नागरिकाला कोणत्या अटीवर आत सोडायचं, हे तिथले अधिकारी ठरवतात आणि नियम बदलत राहतात. म्हणून ऐकीव माहितीवर बॅग उचलून फाटकावर जाऊ नका. आधी लेखी अर्ज करा, ओळखपत्राच्या प्रती जोडा, आणि नियमित खेळणाऱ्या एखाद्या सदस्याचं किंवा निवृत्त अधिकाऱ्याचं पत्र मिळत असेल तर तेही लावा. उत्तर यायला वेळ लागतो. त्या काळात रागावून काही होत नाही, नम्रपणे पाठपुरावा करत राहा. आत गेल्यावर फोटो काढणं, कुठेही फिरणं टाळा. एका मुलाच्या बेशिस्तीमुळे दहा मुलांचा रस्ता बंद होतो.

परवानगी मिळाली तरी एका मैदानावर भागणार नाही. छावण्यांच्या आणि छोट्या गावांच्या काही मैदानांवर ग्रीनऐवजी (होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवताऐवजी) ‘ब्राउन’ असतात, म्हणजे तेल मिसळलेल्या वाळूचं सपाट वर्तुळ. त्यावर पट (चेंडू घरंगळत होलकडे नेणारा फटका) मारण्याआधी वाळू ओढून सारखी करतात आणि चेंडू सरळ जातो. खऱ्या ग्रीनवर उतार असतो, वेग असतो, सकाळच्या दवात आणि दुपारच्या उन्हात वेगळी चाल असते. ब्राउनवर वाढलेला मुलगा पहिल्यांदा वेगवान ग्रीनवर गेला की तीन-तीन पट मारतो. माझे पहिल्या क्यू-स्कूलचे नऊ स्ट्रोक बव्हंशी असेच गेले.

म्हणून सुरुवातीपासून वर्षातले किमान सहा-सात आठवडे परगावच्या गवतासाठी राखून ठेवा. नागपूरकराला हैदराबाद जवळ पडतं, पाचशे किलोमीटरच्या आसपास. गोवळकोंड्याच्या किल्ल्याला लागून हैदराबाद गोल्फ असोसिएशनचं मैदान आहे, तिथे पीजीटीआयच्या स्पर्धाही झाल्या आहेत. मुंबईकडे सिडकोचं खारघरचं मैदान सदस्य नसलेल्यांनाही पैसे भरून खेळू देतं. पुण्यात येरवड्याला पूना क्लबचं मैदान आहे, पण तिथे सदस्याची ओळख लागते का ते आधी विचारा. दर आणि वेळा फोन करून विचारा. शनिवार-रविवार टाळा, आठवड्याच्या मधल्या दिवशी दर कमी असतो आणि मैदान मोकळं असतं.

३. सामान: नवं कमी, जुनं चांगलं

नियमाप्रमाणे बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब (चेंडू मारायच्या काठ्या) चालतात. सुरुवातीला सात पुरे: एक ड्रायव्हर (सर्वांत लांब मारणारा क्लब) किंवा तीन नंबरचं वुड, एक हायब्रिड, सहा, आठ आणि नऊ नंबरचं आयर्न, एक सँड वेज, एक पटर. चांगल्या स्थितीतला वापरलेला सेट घ्या. वाढत्या वयाच्या मुलाला वडिलांचे क्लब कापून देऊ नका. नळी आखूड झाली तरी तिचा ताठपणा आणि डोक्याचं वजन मोठ्या माणसाचंच राहतं, आणि मुलगा आयुष्यभराची चुकीची सवय लावून घेतो.

खर्च करायचाच असेल तर तीन ठिकाणी करा. चांगले बूट, कारण स्पर्धेच्या दिवशी आठ-नऊ किलोमीटर चालावं लागतं. चांगली वेज (जवळच्या, उंच फटक्यांचा क्लब), कारण शंभर यार्डांच्या आतच स्कोअर बनतो. आणि एकाच प्रकारचा चेंडू, कारण रोज वेगळ्या चेंडूने खेळलात तर ग्रीनवर तो किती थांबेल याचा अंदाज कधीच बसत नाही.

सोळा-सतरा वर्षांनंतर, अंगाची वाढ थांबत आली की, एकदा मोठ्या शहरात जाऊन नीट मापं घेऊन क्लब जुळवून घ्या. त्याआधी महागडा ड्रायव्हर घेणाऱ्या पालकांना मी हात जोडून थांबवतो. त्या पैशांत हैदराबादच्या दोन फेऱ्या होतात.

४. विदर्भाच्या घड्याळाप्रमाणे सराव करा

इथलं ऊन तुमचा खरा कोच आहे. मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो. तेव्हा साडेपाचला पहिला चेंडू आणि साडेआठला बॅग बंद. पाण्यात मीठ-साखर घालून प्या, निव्वळ पाणी ढोसू नका. टोपी आणि पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट घाला. उन्हाचं कवतिक सांगत दुपारी बारापर्यंत खेळणारी मुलं मी तापाने फणफणलेली पाहिली आहेत.

जून ते सप्टेंबर काळी माती पायाला धरून ठेवते, चेंडू पडतो तिथेच रुततो. या दिवसांत पूर्ण स्विंगचा सराव कमी करा, व्यायाम वाढवा आणि नियमांचं पुस्तक वाचा. रुतलेल्या चेंडूचाच नियम घ्या: टी (होलचा पहिला फटका मारायची जागा), बंकर (वाळूचा खड्डा), पेनल्टी एरिया (पाण्यासारखा अडथळा) आणि ग्रीन सोडून मैदानावर इतरत्र चेंडू स्वतःच्या खड्ड्यात रुतला असेल तर विनादंड काढून ड्रॉप घेता येतो, म्हणजे चेंडू हातातून खाली सोडून तिथून खेळता येतं. हे माहीत नसल्याने मुलं चिखलातूनच मारतात आणि दोन स्ट्रोक घालवतात.

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आपला सोन्याचा हंगाम. क्यू-स्कूल बहुतेक वर्षी वर्षाच्या पहिल्या काही महिन्यांत येतं, म्हणजे आपली थंडी ही तयारीचीच थंडी. एक लक्षात ठेवा, थंड हवेत चेंडू कमी जातो. डिसेंबरच्या पहाटे कामठीत मोजलेलं अंतर मार्चमध्ये दक्षिणेत जसंच्या तसं लागू होत नाही. बेंगळुरू समुद्रसपाटीपासून सुमारे ९०० मीटर उंच आहे, नागपूर ३०० मीटरच्या आसपास. तिथे माझं सात नंबरचं आयर्न चार-पाच यार्ड पुढे जायचं. चार-पाच यार्ड म्हणजे कधी कधी ग्रीन आणि मागचा बंकर यातलं अंतर.

मैदान मिळत नाही त्या दिवसांसाठी घर आहे. पार-७२ च्या मैदानात हिशेबाप्रमाणे ३६ पट धरलेले असतात, म्हणजे निम्मा खेळ जमिनीवर चालतो. घट्ट सतरंजीवर किंवा जाड गालिच्यावर खडूने रेघ ओढा आणि रोज शंभर पट त्या रेघेवरून मारा. होलचा व्यास १०८ मिलिमीटर असतो, तेवढी वाटी उपडी ठेवून तिला नेम धरा. अंगणात जागा असेल तर टोपलीत चिप (छोटा, उचललेला फटका) टाका: पाच पावलांवरून, दहावरून, पंधरावरून. गच्चीवर जाळी बांधून ड्रायव्हर मारायचा मोह होतो. जाळी फाटून शेजाऱ्याची काच गेलेली मी पाहिली आहे, म्हणून गच्चीवर फक्त वेज.

५. वही: या लेखातलं सगळ्यात महत्त्वाचं पान

कामठीत एक जुने कॅडी होते. माझा पहिला क्यू-स्कूलचा अर्ज मी त्यांना मोठ्या हौसेने दाखवला. त्यांनी तो बघितलाही नाही. म्हणाले, ‘बाबू, घाई कायची हाय तुले? आधी सांग, मांगच्या मयन्यात तीन पट किती येळा मारले?’ मला सांगता आलं नाही. त्यांना मात्र माझे सगळे तीन पट तोंडपाठ होते.

त्या क्यू-स्कूलहून परत आलो तेव्हा दोनशे पानी वही घेतली. तुम्हीही घ्या. मोबाइलवरही चालेल, पण लिहायचं त्याच दिवशी, घरी पोचायच्या आत. प्रत्येक होलसाठी पाच गोष्टी: टीचा फटका फेअरवेवर (टी आणि ग्रीनमधल्या कापलेल्या पट्ट्यावर) होता का; ठरलेल्या स्ट्रोकमध्ये ग्रीन गाठलं का, म्हणजे पार-चारला दोनमध्ये; नाही गाठलं तर पुढच्या दोन स्ट्रोकमध्ये होल संपला का; पट किती; दंड किती. खाली एक ओळ: वारा, ऊन, पोटदुखी, जे असेल ते.

आता या वहीचे नियम. आपल्याकडे रविवारच्या दोस्तीच्या खेळात दोन फुटांचा पट ‘दिला’ म्हणतात आणि चेंडू उचलतात. पहिल्या टीवर फटका बिघडला तर ‘चल, दुसरा मार’ म्हणतात. या दोन्ही सवलती घेतलेला राउंड वहीत लिहायचाच नाही. स्पर्धेत प्रत्येक पट होलमध्ये पाडावा लागतो, आणि दोन फुटांचा पट हा हात थरथरायला लागले की दहा फुटांचा होतो. चेंडू हद्दीबाहेर गेला तर एक स्ट्रोकचा दंड आणि पुन्हा त्याच जागेवरून मारायचं. ‘इथूनच टाक’ म्हणणाऱ्या मित्राचं ऐकू नका. खेळा मागच्या टीवरून, जिथून व्यावसायिक खेळतात. पुढच्या टीवरचा ७० हा तिथला ७५ असू शकतो.

वीस राउंड झाले की बेरीज करा. त्यातले निदान आठ परक्या मैदानांवरचे हवेत, शक्यतो तीन वेगवेगळ्या. घरचं मैदान तुमची चूक ओळखतं आणि झाकून घेतं. कुठे चेंडू घसरला तरी चालतो हे पायांना माहीत असतं. परक्या मैदानावरची सरासरी पार किंवा त्याखाली असेल, तर क्यू-स्कूलचा विचार करा. ती ७५ असेल तर अजून दोन वर्षं हौशी खेळा. पीजीटीआयच्या स्पर्धांत पहिल्या दोन दिवसांनंतरचा कट (पुढे खेळायला मिळण्याची मर्यादा) पुष्कळदा पारच्या आसपास लागतो, आणि तो गाठला तर फक्त पैसे मिळायला सुरुवात होते.

माझ्या वहीने मला काय सांगितलं तेही सांगतो. मी समजत होतो की माझा ड्रायव्हर वाकडा आहे. वीस राउंडच्या बेरजेत दिसलं की फेअरवे ठीक होते. ग्रीन हुकल्यावर मात्र तीनपैकी दोनदा बोगी (पारपेक्षा एक स्ट्रोक जास्त) होत होती. मग वर्षभर मी ड्रायव्हरला हात लावायचा वेळ निम्मा केला आणि तीस यार्डांच्या आत राहिलो. कार्ड त्यातून मिळालं.

६. हँडिकॅप काढा, हौशी स्पर्धा खेळा

हँडिकॅप म्हणजे हौशी खेळाडूची पातळी सांगणारा आकडा, जितका कमी तितका खेळ चांगला. २०२० पासून आपल्याकडेही जागतिक हँडिकॅप पद्धत लागू आहे. सुरुवातीला ५४ होलचे स्कोअर द्यावे लागतात, नऊ-नऊ होलचे तुकडे असले तरी चालतात. कमाल हँडिकॅप ५४. पुढे तुमच्या शेवटच्या २० राउंडमधल्या सर्वांत चांगल्या आठांच्या सरासरीवरून आकडा ठरतो. हा आकडा चांगल्या दिवसांवरून निघतो, म्हणून तो वहीच्या सरासरीपेक्षा नेहमी छान दिसतो. ‘माझा हँडिकॅप शून्य आहे’ म्हणणारा मुलगा रोज पार खेळत नाही. पुष्कळ घरांत हा गैरसमज आहे.

त्यानंतर युनियनच्या वयोगटांच्या आणि हौशी स्पर्धांत उतरा. बाहेरगावी, अनोळखी लोकांसोबत, कार्डावर सही करून खेळण्याची सवय इथेच लागते. दोन वर्षांत किमान दहा-बारा स्पर्धा व्हायला हव्यात. शाळा-कॉलेजच्या परीक्षांची तारीखवही आधी भिंतीवर लावा आणि मग स्पर्धा निवडा. दहावी-बारावी सोडून गोल्फ, हा सौदा मी कोणालाही करू देत नाही. कार्ड हुकलं तर त्या मुलाच्या हातात काहीतरी उरायला हवं.

७. हौशी दर्जा सोडण्याआधी

इथे बरेच जण नकळत अडकतात. जानेवारी २०२२ पासून हौशी दर्जाचे नियम बदलले. आता हौशी खेळाडूला प्रायोजक घ्यायला, जाहिरात करायला मुभा आहे. म्हणजे निव्वळ प्रायोजकासाठी प्रो व्हायची गरज उरलेली नाही. पण ठरलेल्या मर्यादेपेक्षा (७०० पौंड किंवा १,००० अमेरिकी डॉलर) मोठं बक्षीस घेतलं, व्यावसायिक म्हणून स्पर्धेत उतरलात, पैसे घेऊन शिकवलं, किंवा क्लबात वा सरावाच्या रेंजवर गोल्फ प्रोफेशनल म्हणून नोकरी धरली, की दर्जा जातो. शिकवण्याला काही अपवाद आहेत, ते वाचून घ्या.

हातखर्चासाठी शेजारच्या दोन मुलांना पाचशे-पाचशे रुपयांत शिकवणं निरुपद्रवी वाटतं. त्याने हौशी स्पर्धांचं दार बंद होऊ शकतं. दर्जा परत मिळवता येतो, पण अर्ज करून, वाट पाहून. अठराव्या वर्षी ते वर्ष महाग पडतं.

८. पैशाचं गणित, घरात बसून, मोठ्याने

एक कोटी रुपयांच्या पीजीटीआय स्पर्धेत विजेत्याला साधारण १५ लाख मिळतात. वर्तमानपत्रात हाच आकडा छापून येतो. पहिल्या ३६ होलनंतर पहिले पन्नास आणि त्यांच्याशी बरोबरीत असलेले पुढे जातात. बाकीच्यांना काहीच मिळत नाही. शंभरावर खेळाडू असतात, म्हणजे अर्ध्याहून जास्त मंडळी शुक्रवारच्या आत स्वतःच्या खर्चाने घरी निघालेली असतात.

खर्चाची बाजू मी माझ्या वहीतून देतो. प्रवास, चार-पाच रात्रींची खोली (दोघांत वाटून), कॅडीचे पैसे, प्रवेश शुल्क, जेवण, चेंडू: माझा आठवडा २५ ते ३० हजारांच्या खाली क्वचितच आला. असे पंधरा आठवडे धरा. पहिल्या हंगामात मी निम्म्याहून कमी कट गाठले आणि वर्ष तोट्यात गेलं. दुसऱ्या वर्षी जेमतेम बरोबरी झाली.

म्हणून निघण्याआधी पूर्ण एका वर्षाचा खर्च हातात हवा, कट एकही गाठला नाही असं धरून. तो घर गहाण टाकून किंवा बहिणीच्या लग्नाच्या ठेवीतून नको. प्रायोजक शोधायचा असेल तर स्थानिक उद्योजकांकडे जा, आणि जाताना वही घेऊन जा. वीस राउंडची बेरीज, हौशी स्पर्धांतले क्रमांक, वर्षाचं अंदाजपत्रक, एवढं दोन पानांत. बुटीबोरीच्या एका कारखानदारांनी माझं ऐकून घेतलं ते या दोन पानांमुळेच. बक्षिसाची रक्कम कर कापून येते, तेव्हा पॅन आणि बँकेचं खातं आधीपासून नीट ठेवा, खर्चाच्या पावत्या जपा.

९. क्यू-स्कूल

पीजीटीआयच्या क्वालिफायिंग स्कूलची सर्वसाधारण रचना अशी: आधी ३६ होलच्या पूर्वपात्रता फेऱ्या, त्यातून निवडक जण ७२ होलच्या अंतिम फेरीत. शेवटी मोजक्याच जणांना, तीस-पस्तीसच्या आसपास, कार्ड मिळतं. मैदानं, तारखा, शुल्क आणि जागा दरवर्षी जाहीर होतात. त्या वर्षीचं माहितीपत्रक पूर्ण वाचा, कोणाच्या गेल्या वर्षीच्या आठवणीवर विसंबू नका. अर्जात हौशी की व्यावसायिक हा रकाना असेल, तर सातवा मुद्दा आठवून भरा.

सोबत ठेवायचं: आधार किंवा पासपोर्ट, पॅन, रद्द केलेला धनादेश, जन्मतारखेचा पुरावा, युनियनची नोंदणी आणि हँडिकॅपचा दाखला, फोटो, शुल्काची पावती, आरोग्यविम्याचं कार्ड. नियमित औषध घेत असाल तर डॉक्टरांची चिठ्ठी, आणि ते औषध बंदी असलेल्या यादीत नाही ना हे आधीच तपासा. सगळ्याच्या दोन छापील प्रती. मोबाइल बंद पडतोच.

प्रवासाचं बघा. विमानात देशांतर्गत बहुतेक तिकिटांवर १५ किलो सामान चालतं, आणि भरलेली गोल्फ बॅग एकटीच तेवढी होते. कपडे पाठीवरच्या पिशवीत घ्या. रेल्वेने जात असाल तर खालची बर्थ घ्या, बॅग पायाशी नाही, बर्थखाली आडवी ठेवा आणि साखळीने बांधा. क्लबांच्या डोक्यांना जुने मोजे घाला. निदान तीन दिवस आधी पोचा. पहिल्या दिवशी नुसतं चाला आणि ग्रीनवर पट मारा. दुसऱ्या दिवशी सरावाचा राउंड, वहीत प्रत्येक होलचं टिपण: कुठे चुकलं तर चालेल, कुठे अजिबात नाही. स्थानिक कॅडी मिळाला तर उत्तम, ग्रीनचा उतार त्याच्या पायांना माहीत असतो.

आणि नियम. खेळाने नाही, नियमांनी बाहेर गेलेले मी इतके पाहिलेत की हे घोकून घ्या असंच म्हणेन.

टीवर वेळेनंतर पाच मिनिटांच्या आत पोचलात तर दोन स्ट्रोकचा दंड, त्याहून उशीर म्हणजे बाद. निघण्याआधी क्लब मोजा: पंधरावा सापडला तर प्रत्येक होलला दोन, राउंडला कमाल चार स्ट्रोकचा दंड. चेंडू शोधायला तीनच मिनिटं मिळतात. हरवण्याची शंका असेल तर पुढे जाण्याआधी दुसरा चेंडू मारा, आणि मारताना ‘प्रोव्हिजनल’ हा शब्द मोठ्याने उच्चारा. तो न उच्चारता मारलेला दुसरा चेंडू हाच तुमचा चेंडू ठरतो. ड्रॉप गुडघ्याच्या उंचीवरून. आपल्या चेंडूवर स्वतःची खूण काढा, मैदानावर तुमच्याच कंपनीचा, तुमच्याच नंबरचा चेंडू दुसऱ्या कोणाचाही असू शकतो. शंका आली की हात वर करून रेफरीला बोलवा, संकोच करू नका.

राउंड संपल्यावर मार्करसोबत (तुमचा स्कोअर लिहिणाऱ्यासोबत) बसून एकेक होल मोठ्याने वाचा. एखाद्या होलचा स्कोअर खऱ्यापेक्षा कमी लिहून सही केलीत तर बाद. जास्त लिहिलात तर तो जास्तच धरला जातो. टोकियो ऑलिंपिकमध्ये आपली अदिती अशोक चौथी आली ती रौप्य-कांस्याच्या प्लेऑफपासून (बरोबरी फोडणाऱ्या जादा खेळापासून) एका स्ट्रोकने. एका स्ट्रोकची किंमत इतकी असते, तो कार्डाच्या टेबलावर घालवू नका.

१०. निकालाच्या संध्याकाळी

कार्ड मिळालं तर आनंद करा आणि त्याच रात्री वर्षाच्या स्पर्धांची यादी काढून जवळच्या गावांवर खूण करा. सगळ्या स्पर्धा खेळायच्या नसतात. पहिल्या वर्षी सलग तीन आठवडे, मग एक आठवडा घरी, असा क्रम मला मानवला.

नाही मिळालं, तर आठ दिवस क्लबला हात लावू नका. मग वही उघडून त्या दोन किंवा चार दिवसांचे होल घरच्या वीस राउंडशेजारी लिहा. फरक किती आणि कुठे, ते आकड्यात दिसेल. दोन-तीन स्ट्रोकचा असेल तर नेक्सजेन किंवा हौशी स्पर्धांचं अजून एक वर्ष. आठ-दहाचा असेल आणि वय पंचविशीकडे झुकलं असेल, तर शिकवण्याच्या प्रमाणपत्राची चौकशी करा. त्यात कमीपणा नाही, मी रोज सकाळी सहाला सात मुलांसोबत उभा असतो आणि मला ते आवडतं. नागपुरात नीट शिकवणारे हातांच्या बोटांवर मोजण्याइतकेही नाहीत.

फोन करायचा असेल तर जरूर करा. फक्त वीस राउंडची बेरीज समोर ठेवून करा, सुरुवात तिथूनच करू.